वाळूतला माटव

मार्कसने वाळलेल्या शेवाळाच्या रेघेपासून घराच्या बाजूला सात पावलं मोजली आणि टाचेने वाळूत खूण केली. मग पहार मारली. वाळू मऊ होती, पाच-सहा घावांत खड्डा झाला. त्याने उंबराची फांदी उचलून खड्ड्यात उभी केली, भोवतीची वाळू पायाने दाबली आणि सालीवर अंगठ्याने क्रूस काढला.

"पहिला खांब उभा," तो वळून ओरडला. "आता माघार नाही."

कार्मेन ओट्यावर शिंपल्यांना भोकं पाडत बसली होती. हातातलं दाभण तसंच राहिलं. तिने शेवाळाची रेघ बघितली, मग मार्कसचे पाय, मग परत रेघ. ती रेघ ह्या दोन-तीन दिवसांच्या पाण्याची. आज रविवार, आठम. आठमीचं पाणी आळशी असतं, अर्ध्यातून परत फिरतं. तिचं आणि मार्कसचं लग्न पुढच्या रविवारी, आणि पुढच्या रविवारी पुनव. पुनवेला भर दुपारी बाराला समुद्र चढतो. ती रेघ, ती सात पावलं, त्यापुढची आणखी वीस पावलं, सगळं पोटात घेऊन घराच्या निवडुंगाच्या कुंपणाला येऊन टेकतो. बाराला. म्हणजे बरोबर पंगत बसायच्या वेळेला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

गोराईत एक रीत आहे. उंबर उभा राहिला, त्याच्यावर क्रूस निघाला, की माटवाबद्दल, म्हणजे लग्नाच्या मांडवाबद्दल, कुणी वावगं बोलायचं नाही. पडेल, बुडेल, जळेल, असला शब्द माटवाच्या आसपास काढायचा नाही. आणि नवरीने तर नाहीच नाही. काही चुकलं असेल, खांब हलवायचा असेल, तर ते फक्त घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने सांगायचं. तिचा शब्द लागत नाही. बाकी सगळ्यांचा लागतो.

पण हा माटव कुठल्या घराचाच नव्हता. तोच तर सगळा घोळ होता.

कार्मेन विधवा. नवऱ्याला, रोझारिओला, जाऊन सहा वर्षं झाली, विषमज्वराने गेला. तिचं माहेर म्हणजे कलिन्यातलं भाड्याचं घर, ते आईबापांबरोबर संपलं. मग माटव घालायचा कुणाच्या दारात? मेलेल्या नवऱ्याच्या दारात दुसऱ्याचा माटव घालायचा, असं अजून गावात कुणी केलं नव्हतं. मार्कस म्हणाला, वाळू कुणाच्या बापाची नाही. वाळूत घालू. समुद्रासमोर. असा माटव तुझ्या गावात कुणी बघितला नसेल. कार्मेन हसली होती आणि हो म्हणाली होती.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एमिलिया जाळं शिवत बसली होती. रोझारिओची आई. गेली चौदा वर्षं कार्मेन तिच्याबरोबर ह्या घरात राहत होती, त्यातली सहा दोघीच. एमिलियाचं आयुष्य पाणी बघण्यात गेलं. कुणाची होडी चुकीच्या जागी ओढलेली दिसली की ती इथूनच ओरडायची, ए मेल्या, तिथं नको. शेजाऱ्याची सुकट ओल्या वाऱ्यात दिसली तरी ओरडायची. सत्तरी झाली तरी नजर घारीची.

तिनेही उंबराकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग मान खाली घालून पुढची गाठ मारली.

कार्मेन वाट बघत राहिली. दुसरी गाठ. तिसरी.

"आई," शेवटी ती म्हणाली, "मार्कसने उंबर लावला."

"दिसतंय मला," एमिलिया म्हणाली. "दोरा दे."

कार्मेनने दोरा दिला.

दोन महिन्यांपूर्वीही असंच झालं होतं. नाताळच्या आधी, चुलीपाशी. आई, मी लग्न करतेय, वाकोल्याच्या मार्कसशी, कार्मेन एका दमात म्हणाली होती. एमिलियाने भाताचं झाकण उचललं, वाफ बघितली, झाकण ठेवलं. मीठ संपलंय, म्हणाली. त्यानंतर त्या विषयावर शब्द नाही. देवळात तीन रविवार नावं पुकारली गेली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. तिन्ही रविवारी एमिलिया पहिल्या बाकावर बसून होती. हरकत नाही घेतली. पण हो पण नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

त्या दिवशी मार्कस संध्याकाळच्या होडीने खाडी ओलांडून बोरीवलीला गेला. जाताना उंबराभोवती फिरून आला, एखाद्याने नवीन घेतलेली सायकल बघावी तसा. कार्मेन त्याला होडीपर्यंत सोडायला गेली आणि वाटभर गप्प राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"जागा आवडली नाही काय?"

"जागा चांगली आहे," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. जागा चांगलीच होती, दिवस वाईट होता.

परत येताना तिने मनाशी ठरवलं. आईला पाणी दिसतंय. आईला बोलायचा हक्क आहे, तिला एकटीला. शुक्रवारी मार्कस रजा काढून बाकीचे खांब लावायला येणार. तोपर्यंत आई बोलली, तर तिचं मन ह्या लग्नात आहे असं समजायचं. नाही बोलली, तर मार्कसला सांगायचं, नको. लग्नच नको. चौदा वर्षं जिच्या ताटात जेवले तिने माझा माटव डोळ्यांदेखत बुडू दिला, असं मनात घेऊन वाकोल्याला नांदायला जायचं नाही.

मार्कस एका छापखान्यात बाइंडर होता. वय एकेचाळीस. दोन बहिणींची लग्नं करण्यात स्वतःचं राहून गेलं. गोराईच्या देवळातली गाण्याची पुस्तकं सुटी झाली तेव्हा पाद्रींनी कार्मेनला ती घेऊन छापखान्यात पाठवलं. तेवीस पुस्तकं. मार्कसने ती एकदम बांधून दिली नाहीत. सात-आठ करून दिली, म्हणजे तिला तीन फेऱ्या पडल्या. तिसऱ्या फेरीला तो म्हणाला, अजून काही सुटं झालंय काय घरात, मी बांधून देतो.

आता त्याने लग्नासाठी पोतंभर कागद पाठवला होता. निवडणूक नुकतीच संपली होती, देशातली पहिलीच, आणि छापखान्यात गुलाबी, हिरव्या, पिवळ्या जाहिरातींचे गठ्ठे उरले होते. मालक म्हणाला, घेऊन जा. सोबत मार्कसने पिठाची खळ दिली होती, मोरचूद घातलेली, किडे लागू नयेत म्हणून. बांबूच्या कामट्या तासून कंदिलांचे सांगाडे केले होते, ते एकात एक बसवून सुतळीने बांधून पाठवले. प्रत्येक गाठ सारखी.

सोमवारपासून कार्मेन आणि शेजारची मॉनिका दुपारी ओट्यावर बसून फुलं करायला लागल्या. मॉनिका फुलं करायची आणि तोंड चालवायची.

"हे बघ," तिने एक गुलाबी पाकळी उलटी करून दाखवली. आत काळ्या अक्षरांत अर्धं नाव होतं. "ह्याची अनामत गेली म्हणे. तरी तुझ्या माटवात लटकणार. नशीब बघ मेल्याचं."

"छापलेली बाजू आत घे गं."

"घेतेय ना. पण वाऱ्याने उलटलं की दिसणारच. पाव्हणे जेवताजेवता मत देतील." तिने खळीचं बोट पदराला पुसलं. "एमिलीमावशी, तुम्ही दिलं की नाही मत?"

"दिलं," एमिलिया जाळ्यातून मान वर न काढता म्हणाली. "मला येऊन विचारलं त्यांनी. घरी आले होते दोनदा."

"मग कुणाला दिलं?"

"जो दुसऱ्यांदा आला त्याला."

मॉनिका हसली. कार्मेनही हसली, आणि हसताहसता तिने एमिलियाकडे बघितलं, काही धागा मिळतो काय म्हणून. एमिलियाने एक शिंपली उचलली, भोकातून समुद्राकडे बघितलं आणि म्हणाली, "भोक फार कडेला पाडतेस. तुटतील."

तेवढंच. पण त्या संध्याकाळी कार्मेन विहिरीवरून आली तेव्हा शिंपल्यांची एक माळ पूर्ण होऊन खुंटीला लागलेली होती. दोन शिंपल्यांत एक गाठ, जाळ्याला मारतात तशी. त्या गाठीला ओढलं तरी शिंपली हलत नव्हती. कार्मेनने माळेवरून बोट फिरवलं. मग तिला वाटलं, हाताला सवय असते, हात कशालाही गाठी मारतो. त्यावरून काही समजू नये.

बुधवारी कोळीवाड्यातला बळवंत आला. बळवंतची होडी ह्याच वाळूवर ओढलेली असायची. त्याने केळीच्या पानात दोन ताजे मासे, बोयटं, आणली होती. ती ओट्यावर ठेवून तो उकिडवा बसला. कार्मेन आत लग्नाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. खोकला येत होता तरी ती दाराशी सरकली.

"एमिलीबाय," बळवंत म्हणाला, "रविवारी पुनव."

"पुनव दर महिन्याला असते."

"उधाण मोठं आहे ह्या खेपेला."

"मग होडी नीट बांध तुझी."

बळवंतने बोटाने जमिनीवर रेघा मारल्या. "माझं काय गो. मी परका माणूस, उंबर उभा राहिला, मी बोललो तर उद्या माझ्यावर येईल. पण चार वेळा तिथून गेलो, चार वेळा जीभ चावली. तो बिचारा बांबू तासून देतोय."

"मग चाव."

"तू बोल की. तुझ्या घरासमोर आहे."

"समोर आहे," एमिलिया म्हणाली. "घरात नाही."

बळवंतने उठताना दाराकडे बघितलं. कार्मेन त्याला दिसली असावी. त्याने मान हलवली, म्हणजे मी प्रयत्न केला अशी, आणि गेला.

कार्मेनच्या मिरच्या करपल्या. तिने त्या काढून नव्या टाकल्या. म्हणजे आईला ठाऊक होतं, नुसतं दिसत नव्हतं तर पक्कं ठाऊक होतं, आणि तिने तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. कार्मेन बराच वेळ तव्यात मिरच्या परतत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मिरच्यांत ते चालतं.

रात्री जेवताना एमिलियाने बोयटाचा पोटाकडचा तुकडा उचलून कार्मेनच्या ताटात ठेवला. तो ती नेहमीच ठेवायची.

शुक्रवारी मार्कस पहिल्या होडीने आला. खांद्यावर झावळ्यांचा भारा, डोक्याला रुमाल. आल्याआल्या त्याने दोन खांब पुरले, तिसऱ्याचा खड्डा घेतला. मॉनिका फुलांची टोपली घेऊन खाली गेली आणि त्याला म्हणाली, "दारूबंदीतलं लग्न आहे, माटव तरी भक्कम कर. पाव्हणे सरबत पिऊन पडायला नकोत." तो हसला. त्याला फुलं बघायची घाई झाली होती. एकेक फूल हातात घेऊन घडी बघत होता.

"ही कार्मेनने केली, ही तू केलीस," तो म्हणाला.

"कशावरून?"

"तुझ्या फुलाला खळ जास्त आहे. बडबडीसारखी."

कार्मेन ओट्यावरून बघत होती. पाणी चढायला लागलं होतं. तेरस आज. नऊ वाजता पाणी शेवाळाच्या जुन्या रेघेला लागलं. मार्कसची समुद्राकडे पाठ होती. साडेनऊला त्या सात पावलांपैकी तीन गेली. मॉनिकाने बघितलं, पाय आखडले आणि टोपली कमरेला लावून काही न बोलता घराकडे निघून आली. बळवंत होडीपाशी होता, तो होडीच्या पलीकडे जाऊन बसला. आणखी दोघं-तिघं वाळूवर होती. सगळ्यांना एकदम दुसरीकडे काहीतरी काम निघालं.

मग एक लाट आली आणि मार्कसच्या पहारीला लागून परत गेली. त्याने पहार उचलली. पाण्याकडे बघितलं. उंबराकडे बघितलं. मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि मग तो पावलांनी मोजायला लागला. एक, दोन. तिसरं पाऊल उंबराला लागलं.

"बळवंतभाऊ," त्याने विचारलं, "पाणी रोज इतकं येतं काय?"

होडीमागून आवाज आला, "समुद्र आहे. येतो, जातो."

"रविवारी किती येईल?"

होडीमागून काहीच आलं नाही.

मार्कस घराकडे वळला. "कार्मेन," त्याने हाक मारली. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारणं होतं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. "कार्मेन, इथे पाणी येतं?"

त्याच्या हातात अजून एक पिवळं फूल होतं. ते भिजू नये म्हणून त्याने हात वर धरला होता.

कार्मेन उठली. रीत गेली खड्ड्यात, आता सांगायचंच. पाणी येतं, मला गेल्या रविवारीच ठाऊक होतं, मी सांगितलं नाही. आणि लग्न नको. दोन्ही एकदम सांगायचं, एक सांगून थांबलं तर दुसरं जमणार नाही. तिने पदर खोचला आणि ओट्याची पायरी उतरली.

तिच्या बाजूने एमिलिया पुढे गेली. जाळं ओट्यावर तसंच पडलं होतं, सुई त्यात लटकलेली. म्हातारीने लुगड्याचा काचा वर ओढून घेतला होता. ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली, वाळू उतरली आणि सरळ उंबरापाशी गेली. मार्कस बाजूला झाला. तिने दोन्ही हातांनी फांदी धरली आणि हलवली. एकदा ह्या बाजूला, एकदा त्या. ओल्या वाळूने लगेच सोडली नाही. तिने गुडघा लावला.

"मावशी," मार्कस म्हणाला.

तिने परत जोर लावला. फांदी वर आली, बुडाशी पाणी भरलं.

होडीमागून बळवंतचं डोकं वर आलं. वाळूवरचे सगळे थांबले. लागलेला उंबर लग्नाआधी उपटलेला त्या वाळूवर कुणी बघितला नव्हता. मॉनिकाने कुंपणापाशी क्रूसाची खूण केली.

कार्मेन पायरीखालीच उभी राहिली. संपलं, तिला वाटलं. आणि त्याहून वाईट म्हणजे हलकं वाटलं. आईने बोलावं म्हणून कार्मेनने दोन महिने वाट बघितली होती, आई आता बोलली, सगळ्या गावासमोर, एकही शब्द न काढता. आता मार्कसला काही सांगायची गरज उरली नव्हती. तो बघतच होता. पिवळं फूल धरलेला हात हळूहळू खाली आला.

एमिलियाने उंबर खांद्यावर घेतला आणि ती वाळू चढायला लागली. फांदी तिच्यापेक्षा दीडपट उंच होती. मागचं टोक वाळूत रेघ ओढत येत होतं. कार्मेनला वाटलं ती फांदी कुंपणाबाहेर टाकून देईल. टाकली नाही. कुंपणाच्या फटीतून तिने ती आडवी करून आत घेतली, अंगणाच्या मधोमध आणली, आणि ओट्याच्या पायरीपासून चार पावलांवर खाली ठेवली.

मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. धाप लागली होती.

"पहार आण," ती म्हणाली.

कुणाला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून कुणीच हललं नाही.

"ए वाकोल्याच्या," ती मार्कसला म्हणाली, "पहार घेऊन वर ये. का ती पण समुद्राला द्यायची आहे?"

मार्कस पहार घेऊन वर आला. अंगणाच्या कडेला थांबला. आत पाऊल टाकायचं की नाही ते त्याला कळेना. तो ह्या घरी आला की आजवर ओट्यावर बसला होता, अंगणाच्या मधोमध कधी उभा राहिला नव्हता.

"मावशी, इथे कसा?" तो म्हणाला. "हे रोझारिओचं दार आहे."

"रोझारिओचं कुठलं? त्याच्या बापाने बांधलं, मी सारवलं. तो इथे रांगला, इथून त्याला नेला. दार माझं आहे." तिने पायाने जमिनीवर खूण केली. "इथे मार. जमीन कडक आहे, वाळूसारखी नाही. जोर लाव."

मार्कसने कार्मेनकडे बघितलं. मग पहार मारली.

"तुला आठमीचं पाणी आणि पुनवेचं पाणी कळत नाही, ते मी समजू शकते," एमिलिया त्याला म्हणाली. "वाकोल्याला पाणी नळाला येतं. पण हिला काय झालं होतं?"

कार्मेन एक पाऊल पुढे आली. "मी नवरी. मी कशी बोलणार?"

"आज निघाली होतीस ना बोलायला? उतरलीस ना पायरी? मग गेल्या रविवारी का नाही?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

"मी?" एमिलियाने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "मी कशाला बोलू? मला कुणी विचारलं?"

मार्कसने पहार थांबवली.

"तू मार," ती त्याला म्हणाली, आणि परत कार्मेनकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. मॉनिकाला कुंपणापाशी कान लावावे लागले असतील. "लग्न करतेय, असं येऊन सांगितलंस. वाळूत माटव घालतोय, ते पण सांगितलंस. आई समुद्र सोडून वाकोल्याला यायची नाही, हे तर मला सांगितलंच नाहीस, ह्याला सांगितलंस, मी आत बसून ऐकलं. निवडणुकीवाले मला दोनदा विचारायला आले. तू एकदा आली नाहीस."

"मला वाटलं तुला त्रास होईल. दारात माटव म्हटलं की तुला तो आठवेल."

"त्रास होईलच. विचारलं असतंस तरी झाला असता. कदाचित नाही पण म्हणाले असते. दोन दिवस जेवले नसते." तिने वाकून खड्ड्यात बघितलं. "पण विचारायचं गं."

खड्डा हातभर झाला. मार्कसने उंबर उचलून आत सोडला. तो जरा तिरका बसला. मार्कस दगड बघायला कुंपणाकडे गेला, आणि गेला तो तिथेच रेंगाळला. एक दगड उचलायचा, ठेवायचा, दुसरा बघायचा. बाइंडरला इतकं कळतं, कुठे थांबायचं.

अंगणात दोघीच राहिल्या. मधे तिरका उंबर.

कार्मेनने त्याला हात लावला. बुडाला ओली वाळू होती, तिच्या बोटांना लागली. तिने बोटं पदराला पुसली.

"आई," ती म्हणाली, "मी जाऊ?"

एमिलियाने तिच्याकडे बघितलं नाही. ती उंबराचा शेंडा बघत होती, मग दार, मग परत शेंडा. खांब सरळ आहे की नाही ते बघताना डोळे बारीक करावे लागतात, तसे तिने केले होते. पलीकडे पाणी जिथपर्यंत यायचं तिथपर्यंत आलं होतं आणि आता परत फिरायचा विचार करत होतं.

"रविवारी जाशील," ती म्हणाली. "आत्ता खांब धर."

कार्मेनने दोन्ही हातांनी खांब धरला. मार्कसने दगड आणून ठेवले आणि तो मागे झाला. एमिलिया हळूच खाली बसली, गुडघे एका बाजूला घेऊन, आणि खांबाच्या बुडाशी एकेक दगड बसवायला लागली. दगड बसवायचा, हलवून बघायचा, काढायचा, फिरवून परत बसवायचा. मार्कसने मदतीला हात पुढे केला तर तिने तो कोपराने बाजूला सारला.

बराच वेळ लावला तिने. कार्मेन खांब धरून उभी राहिली.